ऋद्धी-सिद्धीचा पगार

आमच्या घरात ‘उद्योग’ हा शब्द चांगल्या अर्थाने कधी वापरलाच गेला नाही. लहानपणी मी गजराचं घड्याळ उघडून बसले की आई म्हणायची, “काय गं हा उद्योग करून ठेवलास!” लग्न झाल्यावर सासूबाई दुपारी पडल्या पडल्या विचारायच्या, “काय उद्योग चाललाय गं स्वयंपाकघरात?” आणि आमचे हे तर अजूनही दूध उतू गेल्याचा वास आला की वर्तमानपत्राआडून एवढंच विचारतात. उद्योग म्हणजे कुणी न सांगता आरंभलेलं आणि मागाहून निस्तरावं लागणारं काम, अशी माझी पक्की समजूत. त्यामुळे ‘महिला उद्योजिका परिषद’ असं ठसठशीत छापलेलं निमंत्रण माझ्या नावाने आलं, तेव्हा माझ्या हातून काहीतरी झालंय आणि त्याचा जाब विचारायला बोलावलंय, असंच मला आधी वाटलं.

ह्यांनी चष्मा लावून पत्रिका दोनदा वाचली. हे निवृत्त मराठीचे शिक्षक. “उद्योजिका म्हटल्यावर पुन्हा महिला कशाला? पुरुष उद्योजिका असतात काय?” त्यांनी लाल पेन मागितलं. मग एकदम लक्षात आल्यासारखं माझ्याकडे बघून म्हणाले, “पण तू? उद्योजिका?”

आता सांगायलाच हवं. गेली ११ वर्षं मी डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांतून चकल्या विकते. दिवाळीत जोर असतो, एरवीही आठवड्याला पाच किलोंचा एक घाट असतो. माझं नाव कुठल्या दुकानावर नाही, माझा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत. ‘प्रदोष’ आणि ‘संकष्टी’ यांच्या मधोमध ‘काकू २ कि., पैसे नंतर’ असं लिहिलेलं असतं. त्यातलं ‘पैसे नंतर’ हे पुढल्या महिन्याचं पान उलटलं की कायमचं मागे पडतं. सोसायटीतल्या कुणीतरी माझं नाव परस्पर कळवलं होतं. पाचशे रुपये प्रवेशशुल्कही भरून टाकलं होतं. ते परत मिळणार नाही असं कळल्यावर मी जायचं ठरवलं. हा माझ्या आयुष्यातला पहिला शुद्ध व्यावसायिक निर्णय.

परिषद दादरच्या एका मंगल कार्यालयात, पितृपंधरवड्यातल्या रविवारी. त्या दिवसांत लग्नं नसतात, कार्यालयं स्वस्त मिळतात. म्हणजे भरवणाऱ्यांना हिशेब कळत होता, हे कबूल करायला हवं.

दाराशीच एक अर्ज भरायचा होता. नाव लिहिलं. उद्योगासमोर ‘चकली’ लिहिलं. ‘वार्षिक उलाढाल’ या रकान्यापाशी मात्र मी अडले. घाण्यात चकली दोनदा उलटायची असते, याखेरीज दुसरी उलाढाल मला ठाऊक नव्हती. शेवटी शेजारच्या बाईंनी काय लिहिलंय ते तिरक्या नजरेने पाहिलं. त्या लेथ मशीनवर सुटे भाग बनवून घेणाऱ्या कारखानदारीण निघाल्या. त्यांच्या आकड्यातली शून्यं मोजेपर्यंत माझ्यामागची रांग दारापर्यंत गेली.

साडेनऊचा कार्यक्रम पावणेअकराला सुरू झाला. समई पंख्याच्या वाऱ्याने लागेना. पंखे बंद केले तेव्हा ती लागली आणि प्रमुख पाहुणे घामाघूम झाले. पाहुणे अर्थातच पुरुष होते. व्यासपीठामागे थर्माकोलच्या अक्षरांत आपली ती जुनी म्हण लावलेली होती, उद्योगाच्या घरी ऋद्धी-सिद्धी पाणी भरतात ती. पाहुण्यांनी तिच्याकडे हात करून ४० मिनिटं सांगितलं की जी स्त्री घर चालवते तिला कारखाना चालवणं काहीच अवघड नाही. मग कारखाना चालवणाऱ्यांना घर चालवणं इतकं अवघड का जातं, असा एक प्रश्न माझ्या मनात आला. पण प्रश्नोत्तरांचा वेळ भाषणातच संपला होता.

मधल्या चहाला ‘नेटवर्किंग’ असं नाव होतं. मी घाबरले होते, पण ते आपलं हळदीकुंकूच निघालं. फक्त वाण म्हणून कार्ड देतात आणि उखाण्याच्या जागी आपापला धंदा सांगतात. माझ्यापाशी कार्ड नव्हतं. मी पिशवीतून चकलीचा पुडा काढला. पाच मिनिटांत माझ्याभोवती जेवढं नेटवर्क जमलं तेवढं त्या लेथवाल्या बाईंभोवतीही नव्हतं. पुडा संपला. पैसे कुणी विचारले नाहीत, मीही सांगितले नाहीत. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे त्याचा हिशेब निघणार आहे.

चहानंतरचं भाषण मात्र मी कान देऊन ऐकलं. एक वयस्क बाई बोलत होत्या, आवाज चढवत नव्हत्या. त्यांनी ‘लिज्जत’ची गोष्ट सांगितली. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आज ते पापड कुठे कुठे जातात ते सांगायला नको. पण बाईंना मुद्दा निराळाच सांगायचा होता. “तिथे पापड लाटणारी ‘बेन’ नोकर नाही,” त्या म्हणाल्या. “ती मालकीत भागीदार आहे. नफा झाला तर तिचा, तोटा झाला तर तोही तिचा.”

मग त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट सांगितली. चेतना सिन्हांनी तिथल्या बायकांबरोबर बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण त्यावर सह्यांच्या जागी अंगठे होते. त्या बायका काही महिने लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा जाऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, आम्ही तिचं व्याज तोंडी काढून दाखवतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी बँक सुरू झाली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मी बी.कॉम. आहे, दुसऱ्या वर्गात. मला व्याज तोंडी येत नाही, पण टाळ्या मनापासून होत्या.

जेवणात मसालेभात आणि जिलबी होती. त्यानंतर लगेच ‘किंमत कशी ठरवावी’ हा तास ठेवणाऱ्या व्यक्तीला माणसाच्या प्रकृतीचं ज्ञान नसावं. फळ्यापाशी एक तरुण चार्टर्ड अकाउंटंट बाई होत्या. त्यांनी सभागृहावर नजर फिरवली आणि जिच्या पापण्या सर्वांत जड झाल्या होत्या तिला, म्हणजे मला, उभं केलं.

“तुमचं उत्पादन?”

“चकली.”

“पाच किलोंचा खर्च सांगा.”

हे मला येत होतं. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मुगाची डाळ, धने-जिरे, भाजणी दळून आणण्याचे पैसे, तेल, तीळ, तिखट, गॅस, पिशव्या. धडाधड सांगितलं. किलोला २४० रुपये पडतात. पाच किलोंचे १,२००. विकायचा भाव ४००, चार वर्षांत एक रुपया वाढवलेला नाही. म्हणजे २,००० आले, ८०० उरले. मदतीला मावशी येतात, त्यांचे दिवसाचे २००. उरले ६००. मी विजयी मुद्रेने इकडेतिकडे पाहिलं.

“पाचही किलो विकल्या जातात?”

“अर्धा किलो आपला… चवीला. वन्संना डबा, समोरच्या काकूंना वाटीभर, वॉचमनच्या मुलाला.”

“२०० वजा. राहिले ४००. आणि तुमचे तास?”

“माझे कसले तास? मी काय, घरीच असते.”

सभागृह हसलं. मग हळूहळू ते हसू थांबलं, कारण हसता हसता प्रत्येकीने आपापल्या कागदाकडे पाहिलं आणि तो रकाना सर्वांचाच कोरा होता. लेथवाल्या बाईंचासुद्धा. तिथे कारागिराचे तास होते, हिशेबनिसाचे होते, त्यांचे स्वतःचे नव्हते.

मग मी मोजले. आदल्या दिवशी धान्य धुणं, वाळवणं, भाजणं, गिरणीची रांग, आणि मग चकलीचा दिवस. १२ तास होतात. बाईंनी ४०० ला १२ ने भागलं आणि फळ्यावर लिहिलं : ३३ रुपये ३३ पैसे. आमचा इस्त्रीवाला चार शर्टांना एवढे घेतो. आणि शिक्षकाच्या घरात राहत असल्यामुळे मला पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर पास व्हायला ३५ लागतात. मी दोन मार्कांनी गेले होते.

बाई म्हणाल्या, “हा तोटा तुम्ही धंद्यात घालत नाही, स्वतःत घालता. आणि वर त्याला हौस म्हणता.”

परतीच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात एक मुलगी टिकल्या आणि क्लिपा विकत होती. एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हाताने सुटे पैसे देत, दोन स्टेशनांच्या मधल्या वेळात तिने सहाजणींशी घासाघीस केली आणि कुणालाही एक क्लिप फुकट दिली नाही. तिला परिषदेची पत्रिका कुणी पाठवली नव्हती. व्यासपीठावर बसवायला हरकत नव्हती.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. परिषदेत वाटलेल्या कागदात २०१९ च्या सरकारी पाहणीचे आकडे होते, तेही वाचून दाखवले : घरातल्या बिनपगारी कामात ज्या बायका हात घालतात त्यांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि जे पुरुष हात घालतात त्यांची ९७. हे पेपर खाली ठेवून प्रामाणिक आश्चर्याने म्हणाले, “९७? कोण आहेत हे पुरुष?”

दुसऱ्या दिवशी मी भाव ५०० केला. सांगायला सोपं वाटतं. त्याआधी मी आरशासमोर “यंदा पाचशे” हे दोन शब्द नऊ वेळा म्हटले होते. खरं सांगते, काही झालं नाही. गिऱ्हाइकं “बरं” म्हणाली. मी चार वर्षं ज्या संकटाची वाट बघत होते ते “बरं” एवढंच होतं. फक्त समोरच्या काकू म्हणाल्या, “अगं, तू तर घरीच असतेस! आणि आपण काय परक्या आहोत का?”

या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. आपण परक्या नाही, म्हणून माझे १२ तास फुकट! नातं जेवढं जवळचं तेवढा भाव कमी, असं असेल तर सख्ख्या बहिणीला वरून पैसे द्यायला हवेत. काकूंना उत्तर म्हणून मी मनात तीन फर्मास वाक्यं तयार केली. ती वापरायची वेळ दोनच दिवसांत आली. पण माझ्याविरुद्ध.

चकल्यांचा दिवस होता. मावशी सोऱ्या फिरवत होत्या, मी तळत होते. मावशी माझ्याकडे सात वर्षं येतात. चकलीचा काटा त्यांच्या हातून जसा पडतो तसा माझ्या हातून पडत नाही, हे काकूंनाही ठाऊक आहे. मावशी मान वर न करता म्हणाल्या, “ताई, भाव वाढला म्हणं चकलीचा?”

त्या काकूंकडेही भांडी घासायला जातात. बातमी तिथून आली होती.

मी झारा हातात धरून म्हणाले, “अहो मावशी, तेल किती महागलंय! आणि तुम्ही काय, आपल्या घरच्याच. आपण काय परक्या आहोत का?”

वाक्य तोंडातून गेलं आणि कढईतल्या चकल्या करपल्या. काकूंचं वाक्य, शब्दाला शब्द. मला पाठ कधी झालं तेही कळलं नव्हतं.

मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुढची चकली पाडली. मी मात्र मनातल्या मनात परिषदेच्या फळ्यापाशी गेले. मावशींचे २०० रुपये. येतात ९ ला, जातात ५ ला. आठ तास. २०० ला ८ ने भागा. २५ रुपये. माझ्या ३३ रुपयांसाठी मी दादरपासून डोंबिवलीपर्यंत डोळे पुसत आले होते, आणि शेजारी सात वर्षं २५ रुपयांनी बसलेल्या बाईला मी वर चहा-पोळी आणि दिवाळीला एक जुनी साडी देते म्हणून स्वतःला उदार समजत होते. दादरच्या फळ्यावर तो आकडा माझ्याच तोंडून गेला होता. ‘मदतीला मावशी, २००.’ तेव्हा त्याला भागायचं मला सुचलं नाही, आणि सभागृहात कुणालाच सुचलं नाही.

आणि ‘मावशी’ हा शब्द! आईची बहीण म्हणजे मावशी. तिला आपण पगार देत नाही, आणि दिलाच तर त्यात घासाघीस करत नाही. मी दोन्ही नात्यांतली माझ्या सोयीची बाजू घेतली होती. काम नोकराचं, हिशेब नात्याचा. गिरगावात १९५९ साली ‘बेन’ म्हटलं तेव्हा त्या शब्दाबरोबर भागीदारी आली. आमच्याकडे ‘मावशी’ या शब्दाबरोबर जुनी साडी आली.

संध्याकाळी मी विषय काढला. “मावशी, तुमचे दिवसाचे ५० वाढवते.” हे म्हणताना माझ्या आवाजात त्या प्रमुख पाहुण्यांचा थोडा सूर आला असावा.

मावशींनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, “दिसावर नको ताई. किलोवर द्या. किलोला ६०.”

“६० का?”

“पाच किलोला ३०० झाले. दिवाळीला तुमचा ६० किलो माल जातो, त्याचे ३,६००. आमच्या भिशीचे दोन हप्ते आन् पोरीची फी. ५० वाढीवलं तर १२ दिसाचे तीनच हजार हुतात. ६०० ची खोट.”

हे सगळं तोंडी. कॅल्क्युलेटर नाही, कॅलेंडर नाही. म्हसवडची गोष्ट ऐकून मी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि म्हसवड माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून चकल्या पाडत होतं.

मी “बरं” म्हणाले. गिऱ्हाइकं म्हणाली होती तसंच.

आता नवा हिशेब मांडते. पाच किलोंचे २,५००. खर्च १,२००. मावशींचे ३००. अर्धा किलो वाटप, त्याचे नव्या भावाने २५०. उरले ७५०. भागिले १२ तास : ६२ रुपये ५० पैसे. मावशींचे ३०० भागिले ८ : ३७ रुपये ५० पैसे. म्हणजे मी पहिल्या वर्गात, आणि मावशी कशाबशा पास. ह्यांना दाखवलं. त्यांनी शिक्षकाच्या सवयीने दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली आणि विचारलं, “पेपर एकच होता ना?”

पेपर एकच नाही, असं मी सांगितलं. जागा माझी, गॅस माझा, माल उरला तर तोटा माझा, उधारी बुडाली तर माझी. हे सगळं खरं आहे. तरीपण ही कारणं सांगताना आपण फार भराभर बोलतो आहोत असं मला वाटलं, आणि जे मनापासून पटलेलं असतं ते माणूस सावकाश सांगतो. हा हिशेब अजून पुरा झालेला नाही. पुढच्या वर्षी भाव पुन्हा ठरेल तेव्हा फळ्यापाशी आम्ही दोघी असू, एवढं मात्र ठरवलं आहे.

राहता राहिला तो वाटपाचा अर्धा किलो. अकाउंटंट बाईंच्या मते तो बंद करायला हवा. मी केला नाही. वन्संचा डबा जातो, वॉचमनच्या मुलाला चकली मिळते, आणि काकूंनाही वाटीभर देते. भाव वाढला म्हणून त्या रुसल्या होत्या, वाटी बघून निवळल्या. फक्त एक बदल केला. तो अर्धा किलो आता माझ्या ७५० च्या आधी माझ्याच नावावर टाकते, मावशींच्या किलोंतून कापत नाही. त्यांनी साडेचार नव्हे, पाच किलो पाडल्या, त्यांचे पाच किलोंचे पैसे. माया फुकट वाटावी, त्याला ना नाही. पण ती आपल्या घामातून वाटावी. दुसरीच्या मजुरीतून वाटलेली माया म्हणजे परक्याच्या ताटातलं वाढून आपण अन्नपूर्णा व्हायचं. सात वर्षं मी तशीच अन्नपूर्णा होते, आणि सगळे म्हणायचे, हिचा हात किती सढळ!

परिषदेतून येताना सगळ्यांना एक आठवणभेट दिली होती. तीच म्हण, फ्रेममध्ये. ह्यांनी ती कौतुकाने स्वयंपाकघरात टांगली. परवा मावशींनी सोऱ्या फिरवता फिरवता विचारलं, “ताई, काय लिवलंय वो?” मी वाचून अर्थ सांगितला, की जो उद्योग करतो त्याच्या घरी ऋद्धी आणि सिद्धी येऊन पाणी भरतात.

मावशींनी चकलीचं टोक बोटाने दाबून बंद केलं आणि म्हणाल्या, “आन् त्यांना काय देतात?”